रेसची गाडी आणि खेपेचा मासा

रविवार, ९ जानेवारी १९९४. रक्कम रुपये अकरा हजार पाचशे, रोख, एकरकमी. स्थळ, सिल्वासात आमली भागातल्या आमच्या भाड्याच्या घराची मागची ओसरी. हजर: मी, माझी पत्नी शैला, गाडी घेणारा देवजी, राहणार दुधनी, आणि द्रौपदाबाई, ज्यांची नरोलीला कामगारांची खाणावळ होती. द्रौपदाबाई गाडी विकतही नव्हत्या आणि घेतही नव्हत्या. पण या गाडीवरून आपल्या पातेल्यात मासा वेळेवर येणार की नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्या मूळच्या खानदेशातल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, भिंतीला टेकवून ठेवलेलं जुनं, खाली झुकलेलं हँडल पाहिलं आणि विचारलं, "हाई गाडीवर वाकीसनच बसनं पडस का?"

मी म्हटलं, रेसच्या गाडीवर तसंच बसतात, पण देवजीसाठी सरळ हँडल बसवलं आहे.

"मंग ठीक शे," त्या म्हणाल्या. "वाकेल माणूसना हातना मासा माले नको."

हा व्यवहार माझ्या कामाच्या काळातला सर्वांत विचित्र व्यवहार होता, म्हणून त्याचीच हकीकत सांगतो. मी कारखान्यात माल तपासणी विभागात होतो. साडेआठ ते पाच तिथे मोजमाप करायचं आणि उरलेल्या वेळात घरी ओसरीवर जुन्या वेगवान मोटारसायकली उघडायच्या, दुरुस्त करायच्या, बदलायच्या. ८४ सालापासून ९९ सालापर्यंत हे चाललं. पाटी कधीच लावली नाही. लोक शोधत यायचे.

त्या काळी सिल्वासात नवे कारखाने निघत होते आणि मुंबई, पुणे, नाशिकहून तरुण इंजिनीअर येत होते. खोलीचं भाडं स्वस्त, रविवारी करण्यासारखं काही नाही, आणि खानवेलकडे जाणारा रस्ता वळणावळणाचा, सागाच्या झाडांतून जाणारा. अशा माणसाला मोटारसायकलचं वेड लागलं नाही तरच नवल. साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची एक गाडी तेव्हा मिळायची. नव्या काळात ती महाग होती. पुढे पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून लोक मिळेल त्या भावात काढायला लागले. लिटरला पंचवीस किलोमीटर मिळाले तर मालक पेढे वाटायचा. अशा सोडून दिलेल्या गाड्या माझ्याकडे यायच्या.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका बँकेतले अधिकारी होते, त्यांना वेग नको होता, फक्त आवाज हवा होता. गाडी चाळीसनेच चालवणार, पण ती दीडशेने येते आहे असं गल्लीला वाटलं पाहिजे. मी त्यांना सांगितलं की असा सायलेन्सर करता येईल, पण आधी तुमच्या सौभाग्यवतींना विचारून या. ते परत आले नाहीत. दुसरे पुण्याचे सबनीस नावाचे इंजिनीअर. त्यांनी माझ्याकडून खाली झुकलेलं हँडल, मागे सरकवलेले पायठेवे आणि रेसचे सायलेन्सर असं सगळं करून घेतलं, सहा आठवडे चालवलं आणि कंबर धरून बसले. तेवढ्यात त्यांची बदली झाली. गाडी त्यांनी मलाच विकली आणि ते रेल्वेने गेले. देवजीने घेतली ती हीच गाडी.

देवजीचं काम असं. मधुबन धरणाचं पाणी दुधनीपर्यंत पसरलं होतं आणि त्यात मासेमारी सुरू झाली होती. देवजीची होडी होती, जाळं होतं. रात्री लावलेलं जाळं पहाटे काढायचं, मासा बर्फात घालायचा आणि शहरात पोचवायचा. द्रौपदाबाईंच्या खाणावळीत साठ-सत्तर कामगार जेवत. बुधवार, शुक्रवार, रविवार मासा. सकाळी सातला मासा हातात आला तरच साडेआठच्या पाळीचे डबे भरता येत. देवजी मासा पाठवायचा रतिलालच्या जीपने. ती जीप माणसं भरल्याशिवाय खानवेलहून हलत नसे, त्यामुळे मासा नरोलीला कधी आठला, कधी साडेआठला पोचायचा. वापीचा एक माणूस समुद्राचा मासा टेम्पोने आणून द्यायला तयार होता. द्रौपदाबाईंनी देवजीला संक्रांतीपर्यंत मुदत दिली होती. ते गिऱ्हाईक गेलं असतं तर देवजीला मासा धरणाच्या काठावरच, दलाल देईल त्या भावाला विकावा लागला असता. होडी नवी होती, पुढचं सगळं या गिऱ्हाइकावरच उभं होतं.

एके दिवशी घाटात एका साडेतीनशेने रतिलालच्या जीपला मागे टाकलेलं देवजीने पाहिलं. त्याने चौकशी केली आणि माझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, मला रेसची गाडी पायजे."

मी विचारलं, "रेस कुणाशी?"

"बर्फाशी," तो म्हणाला.

मला हा माणूस आवडला.

आता थोडं धंद्याचं. या जातीच्या इंजिनात सायलेन्सर हा नुसता आवाज अडवणारा डबा नसतो. जळलेला वायू त्यातून जोरात बाहेर पडतो, पुढे निमुळत्या भिंतीवर आपटतो आणि त्याचा धक्का उलटा सिलिंडरकडे येतो. हा धक्का नेमक्या क्षणी पोचला तर बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल तो परत आत ढकलतो आणि गाडीला जोर येतो. क्षण चुकला तर गाडी गुदमरते. सायलेन्सरची लांबी, पोटाचा घेर, शेपटीची नळी, यावर तो क्षण ठरतो. सबनीसांच्या गाडीला मी आखूड आणि पोटाळ सायलेन्सर केले होते. अशी गाडी खाली मरगळलेली असते आणि इंजिन खूप फिरायला लागलं की एकदम उसळते. रेसला ते ठीक. पण मागे दोन क्रेट, बर्फ धरून सत्तर-ऐंशी किलो वजन, आणि समोर चढ, अशा वेळी ती उसळी काय कामाची? देवजीला जोर खालीच हवा होता.

म्हणून मी नवे सायलेन्सर केले. लांब मान, सडपातळ पोट. शंकूच्या आकाराचे तुकडे आधी जुन्या कॅलेंडरच्या कागदावर आखायचे, कापून गुंडाळून पाहायचे, मग पत्र्यावर उतरवायचे. शैला त्या कागदी शंकूंना वाढदिवसाच्या टोप्या म्हणायची. मागच्या चाकाला चार दात जास्त असलेलं चेनचं चक्र बसवलं. क्रेटसाठी दोन्ही बाजूंनी लोखंडी चौकट केली, वजन चाकाच्या पुढे पडेल अशी. सिलिंडर झिजले होते, ते वापीला कांतिभाईंकडे नेऊन घासून घेतले आणि एक साइज मोठे पिस्टन घातले. वेगासाठी केलेली गाडी ओझ्यासाठी फिरवणं हे वेगासाठी करण्यापेक्षा अवघड निघालं. मला ते काम करताना जेवढं समाधान मिळालं तेवढं आधीच्या कुठल्याही गाडीने दिलं नव्हतं. शैलाचं मत, ही पहिली अशी गाडी जिचा कुणाला तरी उपयोग आहे.

आता ज्या शब्दाने घोळ केला तो शब्द. सिलिंडर घासून नवे पिस्टन घातले की पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालवावी लागते. धातूवर धातू घासून एकमेकांना जागा करून देतो, तोवर जोर करायचा नाही, वेग पंचेचाळीसच्या वर न्यायचा नाही. आम्ही लोक याला 'रनिंग' म्हणतो. गाडी रनिंगमध्ये आहे म्हणजे हळू चालवा. मी देवजीला किल्ली देताना स्पष्ट सांगितलं, "गाडी अजून रनिंगमध्ये आहे, ध्यानात ठेव."

देवजी म्हणाला, "हो साहेब, रनिंगमधेच पायजे. बंद गाडी घेऊन काय करू?"

मी हसलो. मला वाटलं, गमतीने बोलतो आहे. तो मुळीच गमतीने बोलत नव्हता. जीपवाले, ट्रॅक्टरवाले, जुन्या गाड्यांचे दलाल, या सगळ्यांच्या तोंडी 'गाडी रनिंगमध्ये आहे' म्हणजे चालू आहे, धडधाकट आहे, पाहिजे तशी पळवा. त्याने शब्द ऐकला, मी शब्द सांगितला, आणि दोघंही आपापल्या अर्थावर खूश होऊन निघालो.

पहिल्या खेपेला गाडी नरोलीला सहा चाळीसला पोचली. द्रौपदाबाईंनी देवजीला चहा पाजला. दुसऱ्या खेपेला सहा तीसला. तिसऱ्या खेपेला, दुधनी सोडल्यावर दुसऱ्या मोठ्या चढावर, पूर्ण ओझ्यानिशी पूर्ण पेट्रोल दिलेलं असताना डावा पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये आवळून बसला. अशा वेळी मागचं चाक जागीच थांबतं. देवजी पडला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. नशीब एवढंच की चढ होता आणि वेग बेताचा होता. मासा आणि बर्फ रस्त्यावर पसरलं. मागून आलेल्या रतिलालने देवजीला आणि वेचलेल्या माशाला जीपमध्ये घातलं. मासा नरोलीला पोचला तेव्हा नऊ वाजले होते आणि खाणावळीत अंडी शिजली होती.

संध्याकाळी मी द्रौपदाबाईंकडे गेलो. देवजीच्या हाताचं विचारून झाल्यावर त्या अहिराणी सोडून मराठीत आल्या. कामाचं बोलायचं झालं की त्या तसं करत. म्हणाल्या, "भाऊ, मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. पण माझी पोरं उपाशी पाळीवर गेली की दुसऱ्या खाणावळीत जातात, मग परत येत नाहीत. आता एकदा जरी मासा सातला नाही आला, तर मी वापीच्या माणसाला हो म्हणणार. त्याला तसं सांगून ठेवा."

देवजीचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहणार होता. दुधनीत दुसऱ्या कुणाला अशी गाडी चालवता येत नव्हती. जीपचा भरवसा नव्हता. आणि गाडी पुन्हा नव्याने रनिंगमध्ये जाणार होती, या वेळी माझ्या अर्थाने. सिलिंडर परत कांतिभाईंकडे नेले. डाव्या बाजूला खोल ओरखडे होते, त्यामुळे मधल्या साइजा सोडून थेट मोठ्या साइजला जावं लागलं. कांतिभाई नखाने भिंत चाचपत म्हणाले, "हवे आ छेल्ली साइझ. पछी बोर नहीं, भंगार." म्हणजे ही शेवटची साइज, यापुढे सिलिंडर घासता येणार नव्हता, भंगारातच जाणार होता. तो खर्च देवजीने आणि मी निम्मा निम्मा केला.

घरी आल्यावर मी शैलाला सांगितलं की हात बरा होईपर्यंत मासा मीच पोचवीन म्हणतो. पहाटे साडेचारला निघायचं, दुधनीहून साडेपाचला परत फिरायचं, नरोली करून साडेसातला घरी. तेवढ्यात गाडीचे हजार किलोमीटरही होतील. ओझं घेऊन रनिंग करणं नियमात बसत नव्हतं, पण नवीन चक्रामुळे इंजिनावर ताण कमी येत होता, आणि जाताना गाडी रिकामीच होती. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण थोडं वाढवलं.

शैला म्हणाली, "दहा वर्षं वेगाच्या गाड्या बांधल्यात आणि चालवणार पंचेचाळीसने, तेही मासे घेऊन. लोक काय म्हणतील याचा विचार केलात?"

"केला."

"मग ठीक आहे. कानटोपी घाला."

पहाटे शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून मी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायचो आणि तिथे किक मारायचो. खानवेलपर्यंत रस्ता रिकामा. थंडी अशी की हातमोज्यांतूनही बोटं दुखत. पण सांगायला हरकत नाही, त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळी होत्या. एवढी वर्षं गाड्या केल्या त्या दुसऱ्यांनी पळवण्यासाठी. गाडी बांधून झाली की चार फेऱ्या मारून मी ती देऊन टाकत असे. आपण केलेला सायलेन्सर चढावर काय बोलतो, उतारावर काय बोलतो, हे शांतपणे ऐकायला मिळालं ते याच वेळी. त्याचा आवाज मऊ होता. मला तो बरोबर वाटला.

दुधनीला पोचलो की काठावर क्रेट तयार असत. देवजी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून उभा असे आणि त्याची बायको क्रेट चौकटीत चढवत असे. मोठी कष्टाळू बाई, पण माझ्याशी बोलत नसे. सगळं बांधून झालं की ती पळसाच्या पानांत गुंडाळलेला एक मासा एका क्रेटवर ठेवायची. मला वाटायचं, क्रेट भरल्यावर एक जास्तीचा सापडला असेल. नरोलीला गेलो की मी तोही पान काढून तराजूत टाकायचो आणि वजन देवजीच्या नावावर लिहून घ्यायचो. मासा दुसऱ्याचा, हिशेब चोख असला पाहिजे. द्रौपदाबाईही म्हणायच्या की आता वजन जास्त भरतं.

तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर देवजी गप्प गप्प झाला. मला वाटलं, हात दुखत असेल. एकदा म्हणाला, "साहेब, सुटायचं असल तर सांगून सुटा. मी काय बोलणार नाय."

मी म्हटलं, "कशातून सुटायचं?"

मला वाटलं, हा पिस्टनच्या खर्चाबद्दल बोलतो आहे. मी सांगितलं की तो विषय मिटला आहे. त्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे पोचलो तर काठावर क्रेट नव्हते. देवजी होता, त्याची बायको होती, दोघं मला बघून चमकले. मी विचारलं, मासा कुठे आहे. देवजी म्हणाला, रतिलालच्या जीपमध्ये घातला. जीप वीस मिनिटांपूर्वी गेली.

"का?"

"तुमी येणार नाय वाटलं."

"मी नाही येणार असं तुला कुणी सांगितलं?"

देवजीने बायकोकडे बघितलं. तेव्हा त्याची बायको माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "खेपेचा मासा तुमी घेत नाय," ती म्हणाली. "दर टायमाला पानात घालून देते. तुमी विकून टाकता. खेपेचा मासा नाय घेत तो माणूस परत नाय येत."

मग देवजीने सांगितलं. त्यांच्यात रीत अशी की जो खेप नेतो त्याचा एक मासा असतो. तो वजनाआधी वेगळा काढतात, पानात देतात. त्याचे पैसे होत नाहीत. नेणाऱ्याने तो घरी नेला म्हणजे त्याचं आणि होडीचं जुळलं. नेणाऱ्याने तो नाकारला म्हणजे त्याने तोंडाने न बोलता काम सोडलं, पुढची सोय बघा. मी पाच-सहा खेपा काम सोडतच होतो आणि तरी परत येत होतो. देवजीला याचा अर्थ लागेना. शेवटी त्याने ठरवलं की साहेब चांगला माणूस आहे, भिडेपोटी येतो आहे, त्याला मोकळं करावं. म्हणून मासा जीपमध्ये गेला.

चोखपणाने वागून एखाद्याला एवढं घाबरवता येतं हे मला माहीत नव्हतं. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. जीप खानवेलला माणसं भरण्यासाठी थांबणार आणि सात वाजता नरोलीला अंडी उकळायला लागणार. मी देवजीला म्हटलं, बस मागे.

निघालो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. मागे देवजी, एक हात गळ्यात, दुसऱ्याने माझा स्वेटर धरलेला. मी गाडी पंचेचाळीसवर आणली आणि तिथेच ठेवली. पहिल्या दोन वळणांपर्यंत तो माझ्या खांद्यावरून वेगाचा काटा बघत होता. मग कानाजवळ म्हणाला, "साहेब, ही रेसची गाडी हाय ना?"

"आहे."

"मग बैलगाडी कशाला करता? दाबा."

"दाबता येत नाही. रनिंगमध्ये आहे."

"तेच तर म्हणतो, रनिंगमधे हाय तर दाबा."

तेव्हा, त्या चढावर, मला त्या शब्दाचे दोन अर्थ एकदम दिसले. मी त्याला चालत्या गाडीवरच ओरडून समजावलं. मग तो म्हणाला, "मग हळू चालवा असं बोलायचं ना साहेब. इंग्लिश कशाला बोलायचं?"

त्यानंतर किल्ली देताना मी प्रत्येकाला 'हळू चालवा' असंच सांगत आलो.

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पाचशेच्या आसपास किलोमीटर झाले होते, इंजिन मोकळं व्हायला लागलं होतं. मूठ थोडी पिरगळली असती तर सत्तर, ऐंशी सहज. पण आवळून बसलेल्या पिस्टनवर मासा कुठेच पोचत नाही, आणि पुढची साइज नव्हती. मी मनात आकडे मांडले. जीप पाड्यापाड्यावर थांबणार, माणूस चढणार, उतरणार, भाड्याची घासाघीस होणार. आम्ही कुठेच थांबणार नव्हतो. पंचेचाळीसने न थांबता जाणारा माणूस साठने थांबत जाणाऱ्याला गाठतो, हे गणित कागदावर सोपं आहे. मागे बसलेल्याला ते पटवणं अवघड. देवजी प्रत्येक वळणावर पुढे जीप दिसते का बघायचा आणि दिसली नाही की माझा स्वेटर ओढायचा.

सहा वाजून पाच मिनिटांनी खानवेलच्या नाक्यावर जीप उभी दिसली. रतिलाल बॉनेटला टेकून चहा पीत होता. मागे सहाच माणसं होती, त्याला दहा हवी होती. आम्हाला बघून म्हणाला, "आवो साहेब. रेसवाली गाडी खराब झाली काय? मघाशी एक सायकलवाला येऊन गेला, त्यालाच तुम्ही समजलो."

देवजीने क्रेट उतरवायला सांगितले. रतिलालने हरकत घेतली नाही, भाडं आधीच घेतलेलं होतं. पण क्रेट माझ्या गाडीवर चढल्यावर त्याने कपातला चहा संपवला आणि हात पुढे केला. "मारो मासा," म्हणजे माझा मासा द्या.

तो पळसाच्या पानातला मासा त्या दिवशी रतिलालला दिलेला होता, वरच्या क्रेटवर. दुधनीपासून खानवेलपर्यंत खेप त्यानेच आणली होती. पुढे नरोलीपर्यंत मी नेणार होतो. देवजी माझ्याकडे बघायला लागला. रतिलालचा मासा काढून घेतला तर त्याच्यावर अन्याय, आणि तो आम्हाला पुढे केव्हाही लागणार. मी पुन्हा नाही घेतला तर मी काम सोडलं. क्रेटमधला दुसरा काढावा तर एका खेपेला दोन मासे देण्याची रीत नव्हती.

मी म्हटलं, "दुधनी ते खानवेल वीस किलोमीटर. इथून नरोली सव्वीस. त्या प्रमाणात वाटून घेऊ."

देवजी म्हणाला, "साहेब, माशाला किलोमीटर नसतात."

चहावाल्याकडून सुरी आणली. देवजीने प्लास्टरच्या हाताने मासा दाबून धरला आणि उजव्या हाताने बरोबर मध्ये कापला. मासा कटला जातीचा होता, चांगला दोन-अडीच किलोचा. रतिलालने डोक्याकडचा भाग मागितला, कारण रस्सा डोक्याचाच चांगला होतो. शेपटीकडचा भाग देवजीने पानात गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिला. क्रेटवर ठेवला नाही, हातात दिला. मी तो हँडलला अडकवला. देवजी खानवेललाच थांबला, कारण क्रेट आणि तो दोघांना जागा नव्हती. निघताना तो म्हणाला, "आता दाबा बोलणार नाय."

नरोलीला पोचलो तेव्हा सात वाजायला सहा मिनिटं होती. द्रौपदाबाई दारातच उभ्या होत्या, शेजारी अंड्यांचे ट्रे काढून ठेवलेले. क्रेट उतरले, वजन झालं, दर वेळेपेक्षा कमी भरलं. त्यांनी हँडलकडे बोट दाखवून विचारलं, "ते काय शे?"

मी म्हटलं, "ते माझं आहे. ते तराजूत जाणार नाही."

त्यांनी ट्रे आत नेले आणि चुलीवर तेल चढवलं. वापीच्या माणसाला त्यांनी हो म्हटलं नाही. प्लास्टर निघेपर्यंत मीच खेपा केल्या, मग हजारच्या वर किलोमीटर झालेली गाडी देवजीच्या ताब्यात दिली. शेवटच्या साइजवरची ती गाडी आणखी सहा वर्षं मासा वाहत होती. मी नंतरही बऱ्याच गाड्या बांधल्या, काही तिच्याहून देखण्या. पण त्यातली एकही इतकी वर्षं एका कामावर टिकली नाही. बहुतेकांचे मालक लग्न झाल्यावर स्कूटर घेत.

त्या शुक्रवारचा हिशेब तेवढा लिहायचा राहिला. रतिलालला जीपचं पूर्ण भाडं आणि माशाचा डोक्याकडचा भाग. खानवेलच्या चहावाल्याला तीन चहाचे पैसे, सुरीचे त्याने घेतले नाहीत. शेपटीकडचा भाग, बांधलेल्या सुतळीसकट, सकाळी साडेसात वाजता आमलीच्या घरी सौ. शैला हिला पोचता केला. तिने पान उघडून बघितलं, एवढे दिवस हा मासा कुठे होता म्हणून विचारलं, आणि मी कारखान्यात जायच्या आत दोन तुकडे तळून डब्यात घातले.